घोड्याची उडी

ओळ ०

…आणि घोडा उडाला नाही.

ओळ १०

थांबा. मशीनला असं अधेमधे सोडून चालत नाही, मग तुम्हाला कसं चालेल? मशीनला आधी सांगावं लागतं, हा लोखंडाचा तुकडा, हा त्याचा मध्य, हे शून्य, आता इथून मोज. ते सांगायचं राहिलं तरी मशीन काही चुकत नाही. अगदी बिनचूक काम करतं, फक्त भलत्याच जागी.

म्हणून एका वर्कशॉपात लोखंड कोरणाऱ्या मिलिंग मशीनचे प्रोग्रॅम लिहिणारी बाई आल्यागेल्याला एकच प्रश्न विचारायची, "शून्य कुठे धरलंय?" मशीन चालवणाऱ्या दाजींना विचारायची, ड्रॉइंग घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला विचारायची. एकदा फोनवर कुणी "चौकातून डावीकडे वळा" म्हणालं, तर त्यालाही विचारलं. तिचं नाव पडलं शून्यबाई. पाडलं अर्थात दाजींनी. दाजी तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मेव्हणीची फिरकी घेण्याचा परवाना त्यांना लग्नातच मिळाला होता.

ओळ २०

वर्कशॉपच्या फाटकासमोर बाग होती आणि बागेत चक्र. सहा लाकडी घोडे, एकेकाचे रंग उडालेले, एकाचा कान गेलेला. हे चक्र चालवायची मावशी. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती, त्यामुळे सगळ्या गल्लीचीच मावशी होती. चक्राच्या एका अंगाला तिचं स्टूल असायचं, त्यावर बसून ती तिकिटं फाडायची आणि ओरडायची, "लगाम धर रे, शेंबूड नंतर पूस!"

चक्राच्या पोटात, मधल्या खांबाला, परातीएवढी एक लोखंडी तबकडी घट्ट बसवलेली असते. तिच्यात कोरलेली नागमोडी खाच. प्रत्येक घोड्याच्या दांड्याला एक छोटं चाक, ते या खाचेतून धावतं. खाच बाहेर गेली की घोडा वर, आत आली की घोडा खाली. दांडा लांब, म्हणून खाच जराशी सरकली तरी घोडा चांगलाच हलतो. म्हणजे घोडे वर रंगीबेरंगी नाचतात, पण नाचवणारी तबकडी आत, अंधारात, ग्रीसमध्ये माखलेली. ती तबकडी तडकली आणि चक्र बंद पडलं.

मावशी वर्कशॉपात आली ती तबकडी पदरात गुंडाळून, आजारी मांजर आणावं तशी.

"हे बघ शून्ये," ती म्हणाली, "एक हॉटेलवाला घोडे मागतोय. त्याला दारात शोभेला ठेवायचेत. रविवारी संध्याकाळी येतोय. मी त्याला म्हटलंय, त्या दिवशी चक्र फिरलं आणि पोरं पहिल्यासारखी किंचाळली, तर घोडे इथेच. नाहीतर घेऊन जा. शोभेच्या घोड्यांना निदान कुणी लाथा तरी मारणार नाही."

हे बोलताना तिचा चेहरा विनोदाचा होता, आवाज नव्हता. शून्यबाई स्वतः त्या तुटक्या कानाच्या घोड्यावर बसून मोठी झालेली. कान तिनेच तोडला होता.

"फिरेल," ती म्हणाली.

ओळ ३०

मूळ तबकडी शून्यबाईच्या बाबांनी बनवलेली, तरुणपणी, हाताने हँडल फिरवून. बाबा आता दुपारचे वर्कशॉपात येतात, खुर्चीत बसतात आणि न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतात.

शून्यबाईने जुन्या खाचेला टप्प्याटप्प्याने प्रोब, म्हणजे मापाची सुई, टेकवत चहूबाजूंनी मापं घेतली. ते सगळे ठिपके कॉम्प्युटरमध्ये जोडून वाट आखली. कटरने कुठून शिरायचं, कुठून वळायचं, किती वेगाने जायचं, ही ती वाट. आता कुठल्याही वाटेत एक खोड असते. कटर जिथे शिरतो आणि फिरून जिथे बाहेर पडतो, तिथे एक बारीक वळ राहतो. शिवणीसारखा. ही शिवण लपवण्यात शून्यबाईचा हात कुणी धरू शकत नसे. ती कटरला तिरकं, हळूहळू उतरवायची, सुरुवातीच्या जागेच्या थोडं पुढेपर्यंत न्यायची आणि अलगद उचलायची. बोट फिरवून शिवण सापडली तर चहा मी पाजीन, अशी तिची पैज असायची. आजवर चहा दुसऱ्यांनीच पाजला होता.

नवी तबकडी निघाली. दाजींनी तिच्यावरचं तेल पुसलं, खाचेतून बोट फिरवलं आणि चहावाल्याला हाक मारली.

ओळ ३५ (मागाहून घुसवलेली)

प्रोग्रॅमच्या ओळींना दहा-दहाच्या अंतराने आकडे देतात, मध्ये काही घालायचं राहिलं तर जागा असावी म्हणून. इथे एक राहिलं. मापं घेताना एका जागी ठिपके एकदम बाजूला सरकलेले होते, जेमतेम नखाच्या जाडीइतके. "झीज," शून्यबाई पुटपुटली आणि ते ठिपके पुसून टाकले. तुम्ही हे लक्षात ठेवा. ती विसरली.

ओळ ४०

शुक्रवारी तबकडी बसवली. मावशीने गल्लीतली पोरं फुकट बसवली. चक्र सुरू झालं. घोडे वर गेले, खाली आले, वर गेले, खाली आले; लोण्यातून सुरी फिरावी तसे. शून्यबाईचा ऊर भरून आला. तिने डोळे मिटून ऐकलं. कुठे खट् नाही, कुठे खर्र नाही.

कुठे किंचाळीही नाही.

चक्र थांबलं तरी पोरं घोड्यांवर तशीच बसून राहिली. मग तुटक्या कानाच्या घोड्यावरच्या मुलीने मावशीला शहाण्यासारखं विचारलं, "मावशी, सुरू कधी होणार?"

मावशी स्टुलावरून उठली, पोरीला उतरवलं आणि म्हणाली, "छान झालंय गं शून्ये. अगदी हॉटेलासारखं."

/ओळ ५०

(ओळीच्या आधी तिरकी रेघ असली की मशीनवरचं एक बटण दाबून ती वगळता येते. हीही वगळा वाटल्यास. हिच्यात शून्यबाई घरी येऊन जेवली नाही, बहिणीने "कुणावर राग काढतेस, ताटावर?" विचारलं, आणि दाजी म्हणाले, "तिने जेवणाचं शून्य आज वेगळीकडे धरलंय." दाजींवर पापड फेकला गेला. दाबलं नाहीत बटण? बरं, वाचलंत ते वाचलंत.)

ओळ ६०

शनिवारी सकाळी ती बाबांच्या खुर्चीसमोर जुनी, तडकलेली तबकडी घेऊन उभी राहिली.

"बाबा, हा काय प्रकार आहे? इथे खाच एकदम सरकलीय. मी झीज समजले. झीज असती तर उतरती असती. ही तर पायरी आहे."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, तबकडी डोळ्यांना लावली आणि खूश झाले. "अगं, ही माझीच! पूर्ण फेरी मारून शून्यावर आलो, तर दोन्ही टोकं जुळेनात. तेव्हाच्या मशीनचे आटे ढिले. हँडल फिरायचं, टेबल आळसावायचं."

"म्हणजे चूक."

"चूक कशी? मी तेव्हाच म्हटलं, राहू दे, पोरं उडतील."

"तेव्हाच म्हटलंत?"

"तेव्हा नाही तर नंतर कधीतरी म्हटलं असेन. म्हटलं हे नक्की."

शून्यबाई तबकडीकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं. तिला आठवलं ते डोळ्यांना नाही, पोटाला आठवलं. घोडा वर वर जायचा, मावशीच्या स्टुलासमोर यायचा आणि टक्! पोट जागेवर आणि आपण हवेत. येणार आहे हे ठाऊक असायचं, आता येणार, आता येणार, आणि तरी दर वेळी किंकाळी फुटायची. तेवढ्यासाठीच तर तिने घोड्याचा कान घट्ट धरला होता.

आणि तीच उडी तिने पुसून टाकली होती.

ओळ ७०

ठिपके परत घातले. वाट पुन्हा काढली. या वेळी जाड प्लास्टिकची तबकडी कापायला घेतली. प्रयोगाला लोखंड कोण नासणार? तबकडी निघाली. दाजींनी खाचेतून बोट फिरवलं.

"मेव्हणीबाई, चहा तुमच्याकडे की माझ्याकडे?"

"का?"

"गुळगुळीत आहे."

शक्यच नव्हतं. तिने पडद्यावर वाट मोठी करून बघितली. सॉफ्टवेअरने शहाणपणा केला होता. एवढासा उंचवटा म्हणजे मापाची चूक असणार, असं स्वतःच ठरवून इस्त्री फिरवली होती. शून्यबाईला कालची शून्यबाई दिसली. तिने इस्त्रीची मुभा जवळजवळ बंद केली. एकही ठिपका गाळायचा नाही, म्हणून सांगितलं.

दुसरी तबकडी. आता मशीन ठिपक्या-ठिपक्याला अडखळायला लागलं. पुढे काय आहे ते बघून वेग ठरवायचा, तर पुढे नुसते ठिपकेच ठिपके. थांब, चाल, थांब, चाल. खाच निघाली दातेरी. तरी बघू म्हणून चक्रात बसवली आणि घोड्यावर वजन म्हणून दाजींना चढवलं.

"क-क-कसं वाट-ट-टतंय विचा-चा-चारू नका," दाजी फिरता फिरता म्हणाले. "घो-घोड्याला थं-थंडी वाजतेय!"

मावशी स्टुलावर हसून हसून वाकली. कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदाच हसत होती. पण हसणं थांबल्यावर तिने एकदा घोड्यांकडे आणि एकदा फाटकाकडे बघितलं. उद्या हॉटेलवाला येणार होता.

ओळ ८०

रविवारी सकाळी शून्यबाई मशीनजवळ नुसती उभी राहिली. हात मागे बांधून.

उडी काढायची कशी, हा विचार ती सोडून देत होती आणि बाबांनी काय केलं असेल, तेवढंच बघत होती. बाबांनी उडी काढलीच नव्हती. बाबा सरळ फेरी मारायला निघाले, फेरी मारली, आणि परत आले ते निघालेल्या जागी आले नाहीत. बस्स.

तिने वाटेतले ते सगळे सरकलेले ठिपके पुन्हा काढून टाकले. सुरेख, सलग फेरी ठेवली. तिरकं उतरणं काढलं, सुरुवातीच्या पुढे जाणं काढलं. शिवण लपवायची तिची सगळी कला एकेक करून काढून ठेवली, दागिने उतरवावेत तशी. आणि वाटेचं शेवटचं टोक पहिल्या टोकापासून नखाच्या जाडीइतकं बाजूला सोडलं.

पडद्यावर पिवळी चौकट आली. वाट बंद होत नाही, असं कॉम्प्युटर म्हणत होता. पुढे जायचं का?

"जायचं," शून्यबाई म्हणाली आणि बटण दाबलं.

लोखंडाची तबकडी. मशीन एकदाही अडखळलं नाही. दाजींनी बोट फिरवलं, एका जागी बोट अडलं आणि ते आनंदाने ओरडले, "सापडली! शिवण सापडली! आज चहा तुमचा!"

"सगळ्या गल्लीला पाजते," ती म्हणाली.

ओळ ८५ (घाईत घुसवलेली)

तबकडी बसवून दाजींनी चक्र फिरवून बघितलं. घोडा उडाला, अगदी झोकात उडाला, पण मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. स्टुलावरून दिसेना.

"दाजी," शून्यबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शून्य कुठे धरलंत?"

दाजींनी जीभ चावली. बोल्ट सोडले, तबकडी अर्धी फिरवली, शिवण मावशीच्या स्टुलाकडे केली.

ओळ ९०

संध्याकाळी बाग भरली. हॉटेलवाला आला, इस्त्रीचा शर्ट, बरोबर एक छोटा मुलगा. मुलगा येताच तुटक्या कानाच्या घोड्याजवळ गेला, पण तिथे शुक्रवारची मुलगी आधीच ठाण मांडून बसली होती. तो मागच्या घोड्यावर बसला. बाबांना दाजींनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. ते शेजारच्या माणसाला सांगत होते की ही उडी त्यांनी खास आखून ठेवली होती.

मावशीने खटका ओढला. चक्र हललं.

घोडे वर गेले. खाली आले. शून्यबाईने मावशीच्या स्टुलाची कड धरली. मुलगी कंटाळलेल्या तोंडाने वर चढत चढत आली, स्टुलासमोर आली, टक्! आणि तिच्या तोंडातून जे निघालं त्याने झाडावरचे पक्षी उडाले. तिच्यामागे इस्त्रीच्या शर्टाचा मुलगा. टक्! "बाबाऽऽऽ!" मग तिसरा. मग चौथी. एकेकाचा चेहरा मावशीसमोर येऊन फुटत होता, फटाक्यांच्या माळेसारखा, आणि मावशी प्रत्येकाला ओरडत होती, "लगाम धर! लगाम धर म्हटलं ना!" आणि रडत होती की हसत होती, ते ग्रीसने काळ्या झालेल्या पदरामागे कळत नव्हतं.

चक्र थांबलं. हॉटेलवाल्याचा मुलगा उतरेना.

"काय हो," मावशी म्हणाली, "नेताय का घोडे?"

हॉटेलवाल्याने मुलाच्या पंजात अडकलेला लगाम सोडवायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला आणि खिशात हात घातला. "एक तिकीट द्या," तो म्हणाला. मग जरा थांबून, "दोन द्या. मोठ्यांना चालतं ना?"

ओळ ०

मोठ्यांना चालतं. अंधार पडायच्या आत शेवटच्या फेरीला शून्यबाई स्वतः तुटक्या कानाच्या घोड्यावर बसली. मागच्यावर दाजी, वाकून दांड्याला मिठी मारून. वाट तिनेच आखलेली, शिवण तिनेच ठेवलेली, कुठे येणार ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती डोळे उघडे ठेवून, अगदी शांत, मोजत बसली. वर. खाली. वर. समोर मावशीचं स्टूल आलं, आता येणार, आता येणार, तिचा हात आपोआप उरलेल्या कानाकडे गेला,

आणि घोडा उडाला.