सहाव्या गाडीवरचा शेरा

आमच्या घरात वस्तू विकत घेत नाहीत, तपासतात. माझे यजमान श्रीधर चौतीस वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात तपासनीस होते. मशीनवरून आलेला पार्ट उचलायचा, मोजायच्या गेजमध्ये घालून बघायचा आणि केसभर जरी कमी-जास्त निघाला तरी लाल फुली मारून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, फुली सुटली नाही. मागे मिक्सर बिघडला तेव्हा नवा निवडायला त्यांना चार महिने लागले. चार महिने मी खलबत्त्यात चटणी कुटली.

या वेळी मात्र गाडी घ्यायची होती आणि मला घाई होती. धायरीला कर्णबधिर मुलांची एक छोटी शाळा आहे. तिथे मी आठवड्यातून तीन दिवस मुलांना बोलायला शिकवत असे. मार्चमध्ये माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्कूटर कायमची बंद केली. बसची पायरी चढवत नाही, आणि सदाशिव पेठेतला रिक्षावाला धायरी म्हटल्यावर नाही म्हणायचेसुद्धा कष्ट घेत नाही, सरळ निघून जातो. दिवाळीनंतर तुम्ही येत नसाल तर कायमची दुसरी बाई नेमावी लागेल, असं शाळेच्या पूर्णिमाताईंनी कळवलं होतं. त्यांचं काही चुकत नव्हतं. पण माझ्या वर्गातली सहा वर्षांची कादंबरी फेब्रुवारीत पहिल्यांदा ‘आई’ म्हणाली होती आणि आता ती पुन्हा गप्प झाली आहे, हेही त्यांनी त्याच फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर मी रडले.

गाडी मला उत्तम येते. आमची जुनी गाडी विकेपर्यंत मीच जास्त चालवली. यांना कंपनीची बस असे. आता डाव्या पायाला क्लच झेपणार नाही म्हणून बिनक्लचची हवी, आमच्या बोळात शिरायची म्हणून लहान हवी आणि खड्ड्यांत गुडघा ठणकू नये म्हणून जरा भारीतली हवी. इथवर आमचं एकमत होतं. मग श्रीधरांनी वही काढली.

वहीत प्रत्येक गाडीला एक पान, शंभर गुण आणि शेवटी ‘शेरा’. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पाच गाड्या आल्या आणि पाचही नापास झाल्या. मी एकदा चालवून बघते, असं मी दोनदा म्हटलं. आधी मी पास करतो, मग तू चालव, असं उत्तर मिळालं. रिजेक्ट होणारा पीस पुढच्या खात्यात पाठवत नाहीत म्हणे. मी त्यांचं पुढचं खातं.

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा सहावी गाडी दारात उभी राहिली. चिमुकली, गडद निळी, आत मऊ चामड्याच्या खुर्च्या. शोरूमचा सूरज ती घेऊन आला होता. मुलगा यवतमाळचा, फार गोड बोलणारा, आणि पेठेतली गिऱ्हाइकं त्याला अजून नवीन होती. त्याने छप्पर उघडून दाखवलं. श्रीधरांनी वर पाहिलं आणि पुण्यात छप्पर उघडून नक्की काय बघायचं असतं, कावळे का, असं विचारलं. पाठ रगडणारी खुर्ची दाखवली तर त्यांनी माझ्याकडे वळून, हिच्यात एवढा वेळ कोण बसणार आहे, म्हणून विचारलं. डिकीत दळणाचा भरलेला डबा ठेवून पाहिला, छत्री आडवी आणि उभी ठेवून पाहिली. टेप लावून दार किती उघडतं ते मोजलं. सूरज प्रत्येक गोष्टीला ‘हो काका’ म्हणत होता. मला त्याची दया यायला लागली होती आणि स्वतःची त्याहून जास्त. त्या सकाळी चहाच्या वेळी श्रीधरांच्या कोपराने माझा कप टेबलावरून खाली पडला होता. त्या आठवड्यातला दुसरा. बघून हात हलवा हो, म्हणून मी त्यांच्यावर खेकसलेही होते.

शेवटी आम्ही निघालो. श्रीधर चालवायला, सूरज शेजारी आणि मी वही घेऊन मागे, कारकून. गाडी छान होती. सिंहगड रस्त्यावरच्या गतिरोधकांवरून गेली तरी गुडघ्याला कळलं नाही. मी मनातल्या मनात धायरीला पोचलेसुद्धा. फक्त ती दर थोड्या वेळाने पीं पीं करत होती. श्रीधर वैतागत होते. रस्ता मोकळा असताना ही उगाच का ओरडते, असं त्यांनी तीनदा विचारलं. सूरज तिन्ही वेळा हळूच म्हणाला, “काका, डाव्या बाजूला जवळ काहीतरी आहे.”

परतताना आमच्याच बोळाच्या तोंडाशी गाडी पुन्हा ओरडली आणि पाठोपाठ खडखडाट झाला. डाव्या कडेला उभी असलेली एक स्कूटर आडवी झाली होती. सूरज उतरून ती उचलायला धावला. श्रीधरांनी मागे न बघता मला सांगितलं, “डावीकडचा सेन्सर सदोष. लिही.”

झालं. सहावी गेली. माझ्या डोक्यात तिडीक उठली. शाळा गेली, कादंबरी गेली, या माणसाच्या फुलीपायी मी आता जन्मभर खिडकीत बसून वाटाणे सोलायचे. तरीही सवयीने पेन उघडलं आणि आधीचे शेरे कसे लिहिलेत ते बघायला पानं मागे उलटली. पहिली गाडी: डावा आरसा लहान. दुसरी: डावीकडचा खांब जाड, रस्ता झाकतो. तिसरी: डावी खिडकी अरुंद. चौथी आणि पाचवी: डावीकडचा अंदाज येत नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग सकाळचा कप आठवला. मंगळवारचाही आठवला. दोन्ही कप त्यांच्या डाव्या हाताला होते.

माझा राग कुठल्या कुठे गेला. स्कूटर होती म्हणून बरं. तिथे कोणाचं पोर उभं असतं तर?

“अहो,” मी म्हटलं, “पाच वेगवेगळ्या मशीनवरचे पार्ट एकाच जागी चुकीचे निघाले, तर तुम्ही काय करायचात?”

हा त्यांचा आवडता धडा. नव्या पोरांना तर त्यांनी तो शिकवलाच, पण जेवताना मलाही शंभरदा ऐकवला होता. “मशीनला बोल लावायचा नाही,” ते लगेच म्हणाले. “गेज तपासायला पाठवायचं.”

मी उघडी वही पुढे दिली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एकेक पान वाचलं. मग त्यांनी डावा हात कानाजवळ नेला, बोटं हलवली आणि नजर समोर ठेवून हात हळूहळू पुढे आणला. तो जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा कुठे त्यांना दिसला आणि ते थांबले. उजव्या हाताने तसं करून बघितलं नाही.

“मला खरंच वाटत होतं, की गाड्याच वाईट येतायत,” ते म्हणाले.

“उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं,” मी म्हटलं. “मी नेते.”

त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, शेऱ्याच्या जागी ‘गेज तपासायला पाठवणे’ असं लिहिलं आणि वही मिटून किल्लीसकट माझ्या हातात दिली. सूरज स्कूटर उभी करून, हात झटकत परत आला होता. त्याला त्यांनी मागे बसायला सांगितलं आणि स्वतः गाडीला वळसा घालून डावीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. मी त्यांच्या जागेवर बसले, खुर्ची पुढे घेतली, आरसे माझ्या बेताचे केले. कितीतरी दिवसांनी हातात चाक आलं होतं आणि मला त्याचा धड आनंदही होत नव्हता.

मी गाडी सुरू केली. ती पुन्हा पीं पीं करायला लागली. श्रीधरांनी सीटबेल्ट लावला नव्हता. तो त्यांच्या डाव्या खांद्यामागे होता आणि ते हाताने हवेत चाचपत होते. मी वाकून पट्टा ओढला, त्यांच्या छातीवरून आणला आणि खटक्यात बसवला. आवाज बंद झाला.

“सेन्सर बरोबर आहे,” ते म्हणाले. “लिही.”