धम्मरत्नची डावी बाजू

परवेज आणि धम्मरत्न कळंबच्या एकाच शाळेत शिकले, पण त्यांची खरी ओळख मैदानावर झाली. भावसिंग राठोड सर तिथे खेळ शिकवत. एका उन्हाळ्यात ते रग्बीचं प्रशिक्षण घेऊन आले आणि येताना पिशवीत एक लांबुळका चेंडू घेऊन आले. पोरं तो पाहून हसली, काही दिवस खेळली आणि पुन्हा क्रिकेटकडे गेली. जे थोडे उरले त्यांत हे दोघे होते.

परवेजचे वडील अब्दुल गनी यांचं बसस्टँडच्या मागे ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. लहानपणापासून तिथली चाकं ढकलून परवेजचे खांदे रुंद झाले होते. धम्मरत्न सडपातळ होता, पण एकदा सुटला की मागच्याला फक्त त्याची पाठ दिसायची. त्याचे वडील उकंडा सेंट्रिंगच्या कामावर जात आणि आई रुखमाबाई घरी शिलाई करायची. दोघांनाही पोरगा कोणता खेळ खेळतो ते धड सांगता यायचं नाही. विचारलं तर उकंडा म्हणायचे, "कबड्डीसारखाच आहे म्हणे, फक्त चेंडू घेऊन."

धम्मरत्न खरोखरच कबड्डीतून आला होता, आणि तिथली एक सवय त्याच्या अंगातून जात नव्हती. रग्बीत चेंडू घेऊन येणाऱ्याला खांदा लावून, कमरेला मिठी मारून पाडायचं असतं. त्याला टॅकल म्हणतात. तेव्हा आपलं डोकं त्याच्या मागच्या अंगाला राहिलं पाहिजे. ते पुढे आलं तर धावत्या माणसाचा सगळा भार मानेवर येतो. उजव्या खांद्यानं धम्मरत्न हे बरोबर करायचा. डाव्या खांद्यावर आलं की डोकं पुढे जायचं.

ते सगळ्यात आधी परवेजनं हेरलं. गॅरेजातल्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून तो ती छातीशी धरायचा आणि धम्मरत्नच्या डाव्या बाजूनं पुन्हा पुन्हा धावत यायचा.

"डोकं मागं, धम्म्या. मागं."

"मागंच हाय ना बे."

"कुठं मागं हाय? पुन्हा ये."

संध्याकाळी अंधार पडून चेंडू दिसेनासा होईपर्यंत हे चालायचं. सवय कमी झाली, पण पुरती गेली नाही. दमला किंवा घाईत असला की डोकं पुन्हा पुढे यायचं. हे दोघांनाच माहीत होतं. भावसिंग सरांनाही तितकं नीट माहीत नव्हतं.

पुढे दोघे जिल्ह्याकडून, मग विदर्भाकडून खेळले. त्याच सुमारास व्यावसायिक रग्बीची एक नवी स्पर्धा उभी राहत होती आणि तिच्यातल्या एका संघाचं शिबिर पुण्यात लागलं. सरांनी दोघांचे व्हिडिओ पाठवले. दोघांनाही बोलावणं आलं. गॅरेजात त्या दिवशी अब्दुल गनींनी आल्यागेल्याला चहा पाजला. रुखमाबाईनं पोरासाठी आणि परवेजसाठी सारख्याच दोन बॅगा शिवल्या.

शिबिरात देशभरातले खेळाडू होते. ओडिशाचे, बंगालचे, काही फौजेतले. रोज कोणीतरी घरी परत जायचं. हे दोघे टिकले, आणि टिकता टिकता अडचणीत आले, कारण दोघांची जागा एकच होती. कडेनं पळणारा आणखी एकच खेळाडू घ्यायचा होता. प्रशिक्षकांनी ते लपवलं नाही. शेवटच्या दिवशी दोन गट पाडून सामना होईल, त्यात दोघे एकमेकांसमोर राहतील आणि एकाशी करार होईल, असं त्यांनी दोघांना उभं करून सांगितलं.

सामन्याच्या दिवशी नाश्त्याला दोघे शेजारीच बसले होते.

"तू राह्यला तं मी घरी जाऊन सगळ्यायले सांगीन," धम्मरत्न म्हणाला. "टीव्हीवर दिसून राह्यला तो माहा दोस्त हाय म्हणून."

"अन् तू राह्यला तं?"

"मंग तू सांग."

परवेज हसला. पण आपण परत गेलो तर काय, हे त्याला समोर दिसत होतं. ग्रीस लागलेले हात, बापाची अवजारांची खोकी आणि गिऱ्हाइकांचं विचारणं, काय रे, काय झालं तुझ्या पुण्याचं?

सामना अटीतटीचा झाला. दोघांनीही चूक केली नाही. शेवटच्या काही मिनिटांत चेंडू परवेजच्या हातात आला आणि समोर मोकळ्या मैदानात फक्त धम्मरत्न उभा राहिला. तो दमला होता, तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. परवेजच्या उजव्या हाताला जोडीदार होता, चेंडू त्याला देता आला असता. दुसऱ्या अंगानं पळून पाहता आलं असतं. तो धम्मरत्नच्या डाव्या खांद्यावर गेला.

पाय आपोआप तिकडे वळले, असं त्यानं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण तसं नव्हतं. त्यानं पाहिलं, ठरवलं आणि मग गेला. धम्मरत्नची पकड सुटेल, तो हुकेल, खाली बसेल, एवढंच त्याच्या मनात होतं. धम्मरत्न हुकला नाही. तो पूर्ण ताकदीनं आला आणि त्याचं डोकं पुढे आलं.

मांडीला काहीतरी कडक लागलं, एवढं परवेजला जाणवलं. तो तोल सावरून पुढे पळाला, रेषेपलीकडे चेंडू टेकवला आणि शिट्टी ऐकली. मागे वळला तेव्हा सगळे एका जागी गोळा होत होते.

धम्मरत्न उताणा पडला होता. डोळे उघडे होते. डॉक्टर त्याची मान दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि कोणालाही त्याला हलवू देत नव्हते. परवेज जवळ जाऊन गुडघ्यावर बसला.

"परवेज," धम्मरत्न हळू म्हणाला, "माहे पाय कोणी धरून ठेवले काय?"

पाय कोणीच धरले नव्हते.

ऑपरेशन झालं. मानेतला मणका सरकून आतली नस दबली होती. खांद्याच्या खाली आता काही हलणार नाही, असं डॉक्टरांनी उकंडांना सांगितलं. उकंडांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिवस?" डॉक्टरांना पुन्हा सांगावं लागलं.

संघाच्या लोकांनी सामन्याचं चित्रण पाहिलं. खेळ नियमात होता, चूक झाली असेल तर टॅकल करणाऱ्याची, आणि तीही खेळात होणारी. परवेजच्या पाठीवर हात ठेवून प्रशिक्षक म्हणाले, "स्वतःला दोष देऊ नकोस." करार त्याच्याशी झाला. तो नको म्हणेल असं त्यालाच वाटलं होतं. पण वडिलांचा फोन आला, "छोडके मत आना बेटा, उसके हिस्से का भी खेल," आणि त्यानं सही केली.

तो चांगला खेळला, हेच त्याच्या जिवाला सगळ्यात जास्त लागलं. आपले पाय अडखळतील, हात थरथरतील, संघातून काढून टाकतील, असं काहीच झालं नाही. मैदानावर उतरला की शरीर आपलं काम करायचं. त्यानं रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय केले, लोकांनी त्याचं नाव घेऊन आरडाओरडा केला, कळंबला गॅरेजात माणसं मोबाईलभोवती जमली. समालोचक म्हणाले की हा पोरगा समोरच्या खेळाडूची कमजोरी फार पटकन ओळखतो. ते वाक्य परवेजनं नंतर हॉटेलच्या खोलीत ऐकलं. तो न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसला.

स्पर्धा संपल्यावर तो कळंबला आला आणि बॅग घरी टाकून थेट धम्मरत्नकडे गेला. पुढच्या खोलीत, शिलाई मशीन होती त्या जागी आता पलंग होता. धम्मरत्नची मांडी मनगटाएवढी वाटत होती. अंगाला जखमा पडू नयेत म्हणून त्याला ठराविक वेळानं कुशीवर वळवावं लागायचं. उकंडा कामावर गेले की रुखमाबाई एकटी असायची आणि तिच्यानं ते नीट होत नव्हतं. परवेज रोज जाऊ लागला. तो वळवायचा, पुसायचा, चादर बदलायचा. रुखमाबाई शेजारणींना सांगायची, "सख्खा भाऊ करणार नाही एवढं करून राह्यला पोरगा."

धम्मरत्न त्याच्याशी बोलायचा, पण इकडचं तिकडचं. एका दुपारी रुखमाबाई पाणी भरायला गेली होती. परवेजनं त्याला कुशीवर वळवून पाठीशी उशी लावली, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला,

"तू डावीकडून आलता."

परवेजनं उशी पुन्हा नीट लावली.

"मुद्दाम आलता का?"

"हो," परवेज म्हणाला.



"तुह्या जागी मी असतो अन् मीबी तेच केलं असतं, असं म्हणायचं होतं मले," धम्मरत्न म्हणाला. "लय दिवसांपासून मनात जमवून राह्यलो. पण ते खरं नाही. मी नसतो आलो, परवेज."

"मले माहीत हाय."

"उद्यापासून नको येत जाऊ. तू हात लावला का मले काहीच समजत नाही, हात लावला का नाही ते. पण तू आला ते समजते."

परवेज दुसऱ्या दिवशी गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गॅरेजात एका ट्रॅक्टरखाली पडून राहिला, काम नसताना. मग रुखमाबाईच गॅरेजात आली. उन्हातून चालत आली होती, पदरानं तोंड पुसत होती.

"काहून येत नाही रे बाबा? बिमार आहे काय?"

अब्दुल गनी पुढे गिऱ्हाइकाशी बोलत होते. परवेज तिला मागच्या बाजूला, मोडक्या चाकांजवळ घेऊन गेला. आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. धम्मरत्नची सवय, संध्याकाळची ती ट्यूब, शेवटचा सामना, आपण काय पाहिलं आणि काय ठरवलं. सांगताना तो रडला नाही. तिनं मारावं, ओरडावं, चार माणसं गोळा करावीत, याची तो जणू वाट पाहत होता.

रुखमाबाईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"पण पंचानं शिट्टी नाही मारली ना?" ती म्हणाली.

"नाही. नियमात होतं ते."

"मंग?"

"मावशी, मी जाणून केलं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला समजलं होतं की नाही, ते त्याला तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येईना. मग तिची नजर हळूहळू त्याच्या दंडांवर आली आणि तिथेच थांबली.

"ते मले सांगू नको," ती म्हणाली. "त्याच्या पाठीले जखम झाली. काल पाह्यली मी. मले एकटीनं पलटत नाही. तू येतं का नाही, ते सांग."

"त्यानं नको म्हटलं मले."

"त्यानं म्हटलं. मी नाही म्हटलं."

तो तिच्यामागून गेला.

त्या दिवसापासून धम्मरत्न त्याच्याशी बोलला नाही. परवेज आत आला की तो डोळे मिटून घ्यायचा आणि परवेज जाईपर्यंत उघडायचा नाही. वळवताना त्याचं डोकं परवेजच्या छातीवर यायचं, तेव्हाही पापण्या घट्ट असायच्या. भावसिंग सर एकदा येऊन हे पाहून गेले. 

पाठीची जखम वाढत गेली. यवतमाळच्या दवाखान्यात दोनदा नेलं. दिवाळीनंतर ताप चढला तो उतरलाच नाही. धम्मरत्न गेला तेव्हा उशाशी त्याची आई होती, परवेज औषध आणायला गेला होता.

विहारातले लोक आले, वंदना झाली. खांदा द्यायला परवेज पुढे गेला तेव्हा कोणी त्याला अडवलं नाही. उलट उकंडांनीच त्याला हात धरून पुढे घेतलं. ते रडत रडत आलेल्यांना सांगत होते की या पोरानं आमच्यासाठी किती केलं. परवेजनं ते सगळं ऐकलं. रुखमाबाई उंबऱ्यात बसली होती. 

पुढच्या मोसमाच्या शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा हिवाळा संपत आला होता. अब्दुल गनी त्याला सोडायला बसस्टँडवर आले. आता सगळं त्यांना माहीत झालं होतं, परवेजनंच सांगितलं होतं.

"मत जा," ते म्हणाले. "तेरेको पसंद नहीं रहा वो खेल. मेरेको दिखता."

"दूसरा क्या आता मेरेको, अब्बा?"

"गॅरेज है ना."

 यवतमाळची गाडी लागली. त्यानं बॅग वर टाकली, खिडकीजवळ जागा होती तरी मधल्या जागेवर बसला. अब्दुल गनी गाडी सुटेपर्यंत खाली उभे होते. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. कंडक्टर आला, तेव्हा कुठे जायचं ते त्याला दोनदा विचारावं लागलं.