अन्न विकायचं नाही

अप्पाजींनी रविकांतच्या हातातलं नाणं त्याच्याच मुठीत मिटवलं आणि वर हात जोडले.

“अतिथीकडून पैसे? शिव शिव! आमच्या घरात अन्न विकत नाहीत हो. उद्या या, सावकाश या.”

आत त्यांच्या सुनेनं, कनकानं, सांबाराचं भांडं दाणकन आदळलं.

रविकांत नागपूरकडचा, रेल्वेच्या कचेरीत नुकताच लागलेला, पलीकडच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजमध्ये, खोली घेऊन राहणारा. मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत मराठी घरचं जेवण मिळतंय म्हटल्यावर तो आणि त्याचे सोबती हरखून आले होते. पैसे द्यायला त्यांची कुणाची ना नव्हती. सासरेच घेऊ देत नव्हते! रविकांतनं एकदा पानाखाली गुपचूप पैसे ठेवले, तर अप्पाजी गल्लीच्या टोकापर्यंत धावत जाऊन परत देऊन आले.

कनकाच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा गेला, त्याच्या कचेरीनं दिलेलं होतं नव्हतं ते संपलं, लेकीला, तुळसीला, शाळेतून काढायची पाळी आली, म्हणून तर तिनं ही खानावळ घातली. खानावळ बुडाली की पोरगी घरी बसणार, इतका साधा हिशेब. आणि हा म्हातारा दारात बसून पुण्य कमावणार, तेही तिच्या चुलीवर!

“मामंजी, हा दानधर्म कुणाच्या जिवावर चाललाय?”

“माझ्या बापानं, आज्यानं कधी अन्नाचे पैसे घेतले नाहीत.”

“त्यांची तंजावरला शेतं होती की हो! माझं काय आहे? डोंबल!”

अप्पाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बरं, कनका मनात म्हणाली. अतिथी तर अतिथी.

तिनं रविकांतला सांगितलं, आणखी कुणी असतील तर त्यांनाही घेऊन या. दुसऱ्या दिवशी पंगत दुप्पट झाली. स्वयंपाक मात्र तिनं तेवढाच केला. शेवटच्या अतिथीनं हात धुतल्याशिवाय यजमानानं पानावर बसायचं नाही, हाही त्या बापाआज्याचाच नियम. त्या दिवशी अप्पाजींच्या वाट्याला ताकभात आला. नंतर नुसती खरवड. मग तीही नाही.

“काही उरलं नाही, मामंजी. आज अतिथी फार आले.”

अप्पाजी तांब्याभर पाणी प्यायले, छत्री घेतली आणि देवळात जातो म्हणून निघाले. ताठ मानेनं निघाले, हे तिला जास्तच झोंबलं. तुळसी सकाळीच जेवून शाळेत गेली होती. कनका स्वतःही उपाशीच होती, पण रागानंच पोट भरलं होतं तिचं.

दोन दिवसांनी रविकांत ताक ओरपता ओरपता म्हणाला, “आजोबांची भूक चांगली आहे हं या वयात. काल कोपऱ्यावरच्या हॉटेलात दिसले. दोन डोसे हाणले आणि वर कॉफी.”

कनकाच्या हातातली पळी तशीच राहिली.

पंगत उठली. अप्पाजी छत्री घेऊन निघाले. थोड्या वेळानं कनकानं डोक्यावरून पदर घेतला आणि भर दुपारी ती त्या हॉटेलात शिरली. तिच्या घरातली कुठलीच बाई आजवर हॉटेलाची पायरी चढली नव्हती. गल्ल्यावरचा माणूस बघत राहिला. बघू दे मेल्याला!

अप्पाजी पंख्याखाली बसले होते. समोर डोसा, बाजूला चिल्लर. देवाच्या तेलासाठी म्हणून ते साठवायचे ती चिल्लर. कनका टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“सांबार कसं आहे?”

त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

“पाणी आहे नुसतं,” ते पुटपुटले. “चिंच घालायलाही जीव जातो यांचा.”

“आणि जेवणाचे किती घेतात?”

अप्पाजींनी मान वर न करता भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. कनकानं पाटी नीट वाचली.

“उद्यापासून घरी पंगतीला बसा,” ती म्हणाली. “सगळ्यांना दर हाच, तुम्हालाही. पैसे आधी.”

ती वळली. राग अजून उतरला नव्हता, कानशिलं तापलेलीच होती. पायरी उतरताना मागून अप्पाजींचा आवाज आला. दुसरा डोसा नको म्हणून ते वाढप्याला सांगत होते.