चिमूटभर शिंपल्यांची पूड

कॅल्शियम कमी असलेल्या समुद्राच्या पाण्यात माशांच्या पिल्लांची हाडं कच्ची राहतात, हे दाखवायला माझ्या नणंदेने वर्ष घातलं. तसल्या पाण्याच्या पाचही टाक्या मी सांभाळायचे. आज पहिल्याच तपासणीत पाचव्या टाकीतली हाडं टणक निघाली आणि "वर्ष वाया गेलं!" म्हणत ती माझ्याकडे वळली.

"वहिनी, पाण्यात काही घातलंत?"

रोज एका दुबळ्या जिवाला काही दिल्याशिवाय मी जेवत नाही.

"चिमूटभर शिंपल्यांची पूड," मी पुटपुटले. "फक्त पाचव्या टाकीत. तिथली पिल्लं बिचारी फार मलूल दिसायची."

तिने धावत उरलेल्या चार टाक्या तपासल्या. सगळी हाडं कच्ची!

"अहो, पुडीतलं कॅल्शियम मिळालं तिथेच हाडं पक्की! तुम्हीच दाखवून दिलंत!" म्हणत तिने मला गरागरा फिरवलं. माझी चप्पल उडाली. ती कोणत्या टाकीत पडली, ते मात्र मी लगेच सांगून टाकलं.