तिसऱ्या सिलिंडरची तक्रार

मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये आता एकच माणूस उरलं होतं, आणि इंजिनाचं मिसिंग, म्हणजे चुकणारा ठोका, शोधायला दोन लागतात. एकाने सीटवर बसून सांगितली तेवढीच रेस धरायची, दुसऱ्याने बॉनेटखाली डोकं घालून ऐकायचं. तीस वर्षं सीटवर त्यांची बायको बसत आली. तिला गाडी चालवता येत नव्हती, लायसन्सचं नाव काढलं की हात जोडायची. पण "पंधराशेवर धर" म्हटलं की काटा पंधराशेवर, इकडे नाही की तिकडे नाही. ती गेल्यापासून मेस्त्री पेडलवर वीट ठेवत. विटेला काय कळतंय? "आता सोड" म्हटलं तर ती सोडत नाही, आणि "आज फार गप्प गप्प आहात" असंही म्हणत नाही.

नाही म्हणायला मुलगी दर रविवारी फोन करायची.

"जेवलात ना, बाबा?"

"जेवलो."

"गुडघा?"

"आहे जागेवर."

झालं, रविवार संपला.

अशात एक दिवस वाचनालयातून निवृत्त झालेल्या बाई आपली जुनी पेट्रोल गाडी घेऊन आल्या. गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, कधी बंदच पडायची. पळताना मात्र अगदी गुणाची. स्कॅनरने तिसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवलं. मेस्त्रींनी सवयीने वीट उचलली, तर बाई म्हणाल्या, "ती कशाला? मी बसते की."

आणि बसल्या. आधी इतकी रेस दिली की शेजारचा शिंपी दारात येऊन बघून गेला, मग इतकी सोडली की इंजिनच बंद.

"अहो मेस्त्री, हा काटा माझं काही ऐकत नाही!"

मेस्त्रींना हसू आलं. कितीतरी महिन्यांनी आलं. त्या दिवशी त्यांनी प्लग साफ करून गाडी दिली.

चार दिवसांनी गाडी परत आली आणि या खेपेला दुखणं सापडलं. रेस धरली की इंजिन सुरळीत, सोडली की गचके. म्हणजे प्लगचा दोष नव्हता. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरातला थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा एक ईजीआर व्हॉल्व्ह असतो, तो काजळीने अडकून अर्धवट उघडा राहिला होता. गाडी उभी असताना तो घट्ट बंद हवा. नाहीतर इंजिनाला आपलाच धूर गिळावा लागतो, आणि या गाडीत धुराची वाट तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशीच असल्यामुळे आधी गुदमरायचं ते तिसरं. खात्री करायला मेस्त्रींनी पत्र्याचा तुकडा कापला, व्हॉल्व्हखाली सरकवून धुराची वाट बंद केली आणि इंजिन चालू करायला सांगितलं. थरथर गायब.

"सापडलं का?" सीटवरून बाईंनी विचारलं.

व्हॉल्व्ह उतरवून आतली काजळी खरवडायची, धुऊन काढायची, की काम कायमचं झालं असतं. "बघतोय," मेस्त्री म्हणाले. पत्रा काढला, व्हॉल्व्हवरून वरवर फडकं फिरवलं आणि तो होता तसा बसवून टाकला. हातचं राखून काम करणाऱ्यांना त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. पण त्या क्षणी डोक्यात एवढंच होतं, की नीट झालेली गाडी परत येत नाही.

वरवर पुसलेला व्हॉल्व्ह चार-सहा दिवस टिकायचा. मग बाई यायच्या, दर खेपेला थर्मास घेऊन. मेस्त्री दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी देणारी कॉईल तिसऱ्यात घालायचे, तिसऱ्याची दुसऱ्यात, आणि गंभीर चेहऱ्याने मान हलवायचे. नाटक कंपनीत असते तर नाव काढलं असतं! बाई सीटवरून बोलत राहायच्या. वाचक खुणेसाठी पुस्तकात काय काय ठेवून विसरतात, त्याची यादी होती त्यांच्याकडे. एकाने म्हणे कंगवा ठेवला होता, तोही केसांसकट. काटा आता त्यांचं ऐकायला लागला होता. मेस्त्रीही बोलू लागले. बायकोबद्दल, पेडलवरच्या तिच्या नेमक्या पायाबद्दल, घरी गेल्यावर आधी रेडिओ लावावा लागतो त्याबद्दल.

बाईंना एक मोठी बहीण होती. अर्धांगाने वाचा गेलेली, गावाबाहेरच्या शुश्रूषागृहात. भेटायची वेळ रोज चार ते पाच, मिनिटभर इकडेतिकडे नाही. बाई याच गाडीने तिकडे जातात हे कळल्यापासून मेस्त्रींचं मन त्यांना खात होतं. पुढच्या खेपेला नक्की, असं ते दर खेपेला ठरवायचे.

पाचव्या खेपेला बाई आल्या त्या थर्मासशिवाय.

"काल पुलाच्या तोंडाशी बंद पडली. मागे हॉर्नवर हॉर्न. चौघांनी ढकलून कडेला घेतली. पोचले तर पाच वाजून दहा. आत सोडलं नाही. नर्स सांगत होती, ताई दाराकडे तोंड करून बसून राहिली. रात्री जेवलीसुद्धा नाही. जाऊ द्या, तुमचा काय दोष! तुम्ही किती झटताय."

मेस्त्रींनी पाना घेतला. व्हॉल्व्ह उतरवला, काजळीचे खपले काढले, धुराची वाट टोकापर्यंत साफ केली, नवं पॅकिंग घातलं. दोन तास लागले. बाईंनी गाडी चालू केली आणि पाय काढून घेतला. इंजिन एका लयीत चालत राहिलं.

"सापडलं की हो शेवटी!" बाईंनी टाळी वाजवली.

गप्प राहिले असते तरी चाललं असतं. कुणाला ताकास तूर लागली नसती.

"दुसऱ्या खेपेलाच सापडलं होतं," मेस्त्री म्हणाले.

बाईंना आधी कळलंच नाही. "मग?"

"तुम्ही सीटवर बसत होतात." मेस्त्री हातातलं फडकं पिळत राहिले. "बरं वाटायचं."

बाईंचा हात स्टिअरिंगवरून खाली आला.

"ताई दाराकडे बघत होती, मेस्त्री."

"हो."

बाईंनी गाडी मागे घेतली, रस्त्याला लावली आणि काच खाली केली.

"मी दोन गल्ल्या सोडून राहते," त्या म्हणाल्या. "नुसतं 'या' म्हणाला असतात, तर चालत आले असते."

काच वर गेली. मेस्त्री दारात उभे राहून सवयीने ऐकत राहिले. वळणाशी रहदारी होती. गाडी बराच वेळ तिथे उभी होती, आणि इंजिनाचा एकही ठोका चुकला नाही. मग रस्ता मोकळा झाला आणि बाई गेल्या.