झाकणभर पाणी

तिला सगळे दाभण आत्या म्हणत. गाद्या आणि सोफे शिवण्याचं तिचं दुकान होतं आणि हातात सदा दाभण असे, हे एक कारण. दुसरं कारण तिच्या तोंडाला लागलं की कुणालाही कळे. "हा सोफा नाही, तुमच्या आळसाचा पुरावा आहे," असं गिऱ्हाइकाला सुनावून वर त्याच्याचकडून काम घेणारी बाई ती.

तिचा धाकटा भाऊ वायरमन होता. एका सकाळी तो दुकानात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, गुडघे टेकायला गाद्या हव्यात. लांबट. आमच्या नव्या मंडळीसाठी."

"नवी मंडळी? आणि जुनीला काय झालं?"

जुनीला काय झालं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. मोठ्या चर्चमध्ये एक टूम निघाली होती. तान्हेपणी झालेला बाप्तिस्मा धरायचा नाही. मोठेपणी मनाला काही जाणवलं की आवारातल्या हौदात उतरून पुन्हा घ्यायचा. वायरमन भर सभेत उठला. बाप्तिस्मा हे माणसाचं काम नाही, देवाचं आहे. तो काय पंख्याचा स्विच आहे, वाटेल तेव्हा बंद करून पुन्हा चालू करायला? एवढं बोलून तो बाहेर पडला. त्याच्यामागून हातावर मोजण्याइतकी घरं बाहेर पडली आणि त्यांनी एका गोदामावरची खोली मिळवली. आपण ल्यूथरन पंथाचे आहोत, वाडवडिलांनी विश्वासाची जी कबुली दिली तीच शब्दन् शब्द धरायची, असं त्यांचं ठरलं. माणूस स्वतःच्या पुण्याईने तरत नाही, निव्वळ कृपेने तरतो. प्रभुभोजनातल्या भाकरीत आणि द्राक्षरसात ख्रिस्त खरोखर हाती येतो, नुसती त्याची आठवण नव्हे. आणि बाप्तिस्मा एकदाच. बोलायला सगळं सोपं असतं.

आत्या कुठल्याच बाजूची नव्हती. आईच्या आजारपणात तिने देवाची इतकी विनवणी केली होती, की आई गेल्यावर तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. त्यानंतर चर्चची पायरी चढली नव्हती. शिवाय भावाचा तिला राग आला होता. बायकोला दिवस गेलेत आणि हा चर्चं काढत हिंडतोय! त्या रागात तिने गाद्या भरल्या. वरून झकास तपकिरी रेक्झिन, आत जुन्या सोफ्यांतून निघालेल्या चिंध्या. कोण उसवून बघतंय!

दिवस भरायच्या आधीच भावजयीला दवाखान्यात न्यावं लागलं. ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली. मुलगी कसली, मूठभर जीव. आई शुद्धीवर नव्हती. बाप नव्या मंडळीच्या पाळकसाहेबांना आणायला मोटारसायकल दामटत गेला होता, आणि भर दुपारी बाळाला ठेवलेल्या काचेच्या पेटीपाशी आत्या एकटी उभी होती. नर्सने मशीनकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"तुमच्यात काही करायचं असेल, तर आत्ताच करा," ती हलकेच म्हणाली.

तुमच्यात म्हणजे कुणात? पण त्या खोलीत घरचं दुसरं कुणी नव्हतं, आणि जीव जायच्या वेळी पाळक नसला तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे आत्याला आईकडून ठाऊक होतं. नर्सने तिला हात धुवायला लावले, उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली पुढे केली आणि पेटीची लहानशी खिडकी उघडली. आत्याने बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं. आईने चापट्या मारून पाठ करून घेतलेले शब्द आपोआप तोंडात आले. "छकुले," ती म्हणाली, कारण नाव अजून ठरलंच नव्हतं, "पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुझा बाप्तिस्मा करते." झाकणातलं पाणी तिने त्या इवल्याशा कपाळावर थेंबाथेंबाने घातलं. मग बाहेर येऊन ती भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

छकुली जगली. नुसती जगली नाही, घरी आल्यावर अशी बाळसं धरू लागली की तिच्यासाठी आणलेले कपडे बघता बघता आखूड झाले. इकडे गोदामावरच्या खोलीला रंग लागू लागला, पहिल्या उपासनेचा रविवार ठरला. भावजयीने पांढराशुभ्र झगा शिवायला घेतला.

"माझ्या मुलीचा बाप्तिस्मा मी पाहिलाच नाही," ती म्हणाली. "त्या रविवारी नीट करून घेऊ."

तिच्यापेक्षा घाई आत्याला होती. "घ्याच बाई करून. देवाशी न बोलणाऱ्या बाईच्या हातचं पाणी ते. माझ्यापायी पोरीचं काही अर्धवट राहिलं असेल तर?" हे ती झटकल्यासारखं बोलली खरी, पण त्या भीतीने तिचा जीव पोखरला होता. छकुलीला मांडीवर घ्यायचंही ती टाळायची.

तिघंही गोदामावर गेली. नवे पाळकसाहेब तरुण होते, लुंगीवर एक जुना शर्ट घालून स्टुलावर चढून भिंत रंगवत होते. वायरमनने घसा साफ केला.

"पुन्हा करा असं नाही म्हणत मी. आपलं, जरा व्यवस्थित. वरवर."

पाळकसाहेबांनी ब्रश खाली ठेवला. ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "हौदावरून भांडून आपण बाहेर कशाला पडलो, ते विसरलात?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं?"

ज्या मुद्द्यावर वायरमनने सगळं चर्च डोक्यावर घेतलं होतं, तोच मुद्दा आता त्याच्या गळ्यात आला होता. भावजयीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तसे पाळकसाहेब खाली उतरले.

"ताई, झगा शिवा. छकुलीला घेऊन या, तिला सगळ्यांसमोर आशीर्वाद देऊ. पण मी पुन्हा पाणी घातलं, तर त्या दुपारी देव आलाच नव्हता असं म्हटल्यासारखं होईल. तुमची मुलगी मरणाच्या दारात होती तेव्हा तो आला होता. ते मी कसं खोटं पाडू?"

"पण माझा विश्वास नव्हता हो!" आत्या ओरडलीच.

"तुम्ही रविवारी या, आत्या. तुमची साक्ष लागणार आहे."

रविवारी खोलीला अजून रंगाचा वास होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, पांढरं कापड घातलेलं टेबल, साधा लाकडी क्रूस, आणि खाली ओळीने मांडलेल्या तपकिरी गाद्या. आत्या दाराजवळ बसली, म्हणजे सटकायला बरं. पण पाळकसाहेबांनी पहिल्या गाण्यानंतर लगेच तिला पुढे बोलावलं. छकुली झग्यात बुडून गाढ झोपली होती.

"तुम्ही पाणी वापरलंत का?"

"झाकणभर."

"कोणते शब्द म्हणालात?"

आत्याने म्हणून दाखवले.

"हे कुणी ऐकलं?"

"मी ऐकलं," मागून नर्स म्हणाली. ड्यूटीला जाता जाता ती गणवेशातच आली होती.

पाळकसाहेब पुढे बोलणार, तेवढ्यात आत्याने त्यांना अडवलं. गप्प बसणं तिला कधी जमलंय? "एक प्रश्न राहिला. माझा विश्वास होता का, ते विचारा."

"तो प्रश्न यात नाहीच. बाप्तिस्मा तुम्ही स्वतःच्या नावाने केलात का?"

"छे!"

"मग ज्याच्या नावाने केलात त्याच्यावर सोडा." त्यांनी छकुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, की या मुलीचा बाप्तिस्मा झालेला आहे, पुरता झालेला आहे, त्यात काही कमी नाही. भावजय हसत होती आणि डोळे पुसत होती.

आत्या मात्र जागची हलेना. तिने आवाज खाली आणला. "पाळकसाहेब, माझाही असाच तान्हेपणी झाला होता. नंतर मी इतकी वर्षं तोंड फिरवून बसले. तो अजून... धरलेला आहे?"

"बोलणं तुम्ही टाकलं होतंत, आत्या. त्याने नाही."

दाभण आत्या दाराजवळच्या खुर्चीकडे परत गेलीच नाही, पुढेच भावाशेजारी जाऊन बसली.

मग पापांची कबुली द्यायला सगळ्यांनी गुडघे टेकले. आत्याने भावाशेजारी टेकले आणि तिच्या तोंडून "आई गं!" निघालं. चिंध्यांची ढेकळं गुडघ्यांना टोचत होती.

"गाद्या जरा कडक झाल्यात, नाही?" भाऊ कुजबुजला.

"रागाने भरल्यात. उद्या सगळ्या दुकानात आणून टाक, पुन्हा भरते."

"पुन्हा?" वायरमनला हसू आवरेना.

"गाद्या माझं काम आहे," आत्या म्हणाली. "माझं काम पुन्हा करावं लागतं."

तिने डोळे मिटले आणि इतक्या वर्षांनी देवाशी बोलायला सुरुवात केली. सुरुवात अर्थातच तक्रारीने केली, आणि ती तक्रार आईबद्दलची होती.