नळावरची खुर्ची

मंडळी, खुर्ची विकत घेताना आपण काय करतो? हलवून बघतो, दाबून बघतो, की झाली पारख. उचगावच्या केरबाचंही तसंच होतं. दोन हजार चारच्या सुमाराला तो बांबूच्या खुर्च्या करायचा आणि गिऱ्हाइकापुढं तालमीतला सव्वाशे किलोचा पैलवान त्यावर बसवून दाखवायचा. खुर्ची करकरली नाही की सगळे खूश. यात त्याची लबाडी नव्हती हो, त्याला मनापासून तसंच वाटायचं.

अशात एका प्रसूतिगृहानं वीस खुर्च्या सांगितल्या, तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांसाठी. केरबानं झटून काम पुरं केलं. पैलवान बसून गेला, पुढच्या सोमवारी माल पोचवायचं ठरलं.

शेजारच्या झुंबरबाईनं मात्र नाक मुरडलं. जन्मभर बांबूची सुपं-टोपल्या वळलेली ही म्हातारी. केरबानं जोडाजोडाला मारलेले ते स्क्रू तिला काही पटेनात. केरबानं जमाना बदलल्याचं ऐकवलं, तेव्हा वाद न घालता तिनं एक खुर्ची उचलली आणि गल्लीतल्या नळावर नेऊन ठेवली. नंबराला आलेली बाई टेकायची, घागर भरली की उठायची. दिवसाला शंभर-दीडशे उठबशा झाल्या असतील. पाचव्या दिवशी खुर्ची डुलायला लागली.

केरबानं बघितलं, तर स्क्रू नुसत्या बोटानं फिरत होता. भोक सैल झालेलं आणि बांबूला उभी चीर गेलेली.

"मावशी, पैलवान बसलाय की हिच्यावर!"

"एकदाच बसला न्हवं? बांबू पोकळ हाय लेकरा. स्क्रू नुसता सालीला धरून ऱ्हातोय. दर उठबशीला भोक वाईच मोठं हुतंय. पैलवान काय रोज येत न्हाय, पोटुशा बायका रोज येणार. एखादी खाली आपटली म्हंजे?"

केरबानं रचून ठेवलेल्या बाकीच्या खुर्च्यांकडं बघितलं. सहा महिने तरी कोणाला कळणार नाही, असंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोला! पण तो तसाच उठून प्रसूतिगृहात गेला आणि डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगून टाकलं. काम हातचं जाणार अशी त्याची खात्रीच होती. बाई रागावल्या, पण त्यांनी महिन्याची मुदत दिली.

मग झुंबरबाई शेजारी बसून सांगत गेली. केरबानं जोडाजवळ बांबूच्या पोटात लाकडी खुंटी ठोकली, स्क्रू काढून आरपार नटबोल्ट घातला, वर काथ्या आवळला. तसली एक खुर्ची पंधरा दिवस नळावर ठेवली. ती हलली नाही, तेव्हाच बाकीच्या केल्या.

दीड वर्षानं त्याची बायको ललिता, हिला दिवस राहिले आणि तो तिला तिथंच तपासणीला घेऊन गेला. तिला त्या खुर्चीत निवांत बसलेली बघून केरबाचे डोळे भरून आले. घरी आल्या आल्या त्यानं झुंबरबाईचे हात धरले. "मावशी, तू हुतीस म्हणून वाचलो."

"तू ऐकलंस म्हणून," ती म्हणाली. "न्हायतर म्हातारीचं कोण ऐकतंय?"

नागरिकहो, जी वस्तू रोज लोकांच्या कामी यायची, तिची पारख रोजच्या वापरानंच करा. आणि चूक दाखवणारं माणूस घराशेजारी असेल, तर त्याचं ऐका आणि त्याचे आभार मानायला विसरू नका.